एमएस आणि गिळायचा त्रास: सोलापुरातल्या घरांत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या थोरल्या बहिणीला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. पाय जड होणं, तोल जाणं, लघवीची घाई हे सगळं आम्ही धरूनच चाललो होतो, पण घास घशाखाली उतरत नाही तेही एमएसमुळंच, हे आम्हाला कळलं ते तिच्या पहिल्या न्युमोनियानंतर. तेव्हा ज्या हॉस्पिटलात होतो तिथनं अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन घरी आलो, ती गिळते कशी हे कुणी बघितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही, आणि दोन महिन्यात परत तोच ताप, तीच छाती. त्यानंतर जे शिकलो ते आता ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन करून विचारत असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, ताईच्या ताटाशेजारी बसणारी बहीण आहे. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याला तपासणाऱ्यानंच घ्यायचा.

एमएस तर नसांचा आजार ना, मग गिळण्याचा काय संबंध?

एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण खराब करते, वायरचं प्लास्टिक सोलल्यासारखं, आणि मग निरोप हळू पोचतात किंवा पोचतच नाहीत. गिळणं आपल्याला सोपं वाटतं कारण आपण त्याचा विचारच करत नाही. पण एका घोटात जीभ घास मागं ढकलते, टाळूचा मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेवरचं झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं, हे सगळं सेकंदाभरात आणि ठरलेल्या क्रमानं. हा क्रम सांभाळणारी जागा ब्रेनस्टेममध्ये असते, म्हणजे मेंदू जिथं मज्जारज्जूला मिळतो त्या देठात. तिथं एमएसचे डाग असले की वेळेचं गणित चुकतं. झाकण पडायच्या आत पाणी येऊन पोचतं, आणि मग ठसका.

हे किती जणांना होतं? जुन्या पेशंटलाच होतं का?

साधारण तीनातल्या एकाला कधी ना कधी होतं. आजार जितका पुढं गेलेला तितकी शक्यता जास्त, पण चालता-फिरता माणूस आहे म्हणून गिळणं ठीकच असणार असं धरू नका. ताई तेव्हा काठी घेऊन पार्क चौकापर्यंत जात होती.

कसं ओळखायचं?

ठसका तर सगळ्यांना दिसतो. त्याच्या आधीच्या खुणा घरातल्यांच्या नजरेतनं सुटतात. जेवायला पूर्वी पंधरा मिनिटं लागायची तिथं पाऊण तास लागतोय. एका घासाला दोन-तीनदा गिळावं लागतंय. गालात घास तसाच राहतोय. पाणी नाकातनं येतंय. पेशंट गुपचूप काही पदार्थ सोडून देतोय, "मला आता भाकरी आवडत नाही" म्हणतोय. वजन उतरतंय. वरचेवर छातीत कफ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज ऐका. ताई चहाचा घोट घेऊन काहीतरी बोलायला लागली की आवाज ओला यायचा, घशात पाणी अडकून गुळगुळ होते तसा. आम्हाला वाटायचं सर्दी आहे. तो चहा स्वरयंत्रावर साचलेला असायचा. आता मी कुठल्याही एमएसवाल्याच्या घरी गेले की एक घोट पाणी पिऊन "आ" म्हणायला लावते आणि कान देते. ही काही तपासणी नव्हे, पण आवाज ओला आला तर डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे.

डीवायएमयूएस म्हणून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली खास एमएससाठी बनवलेली आहे, २००८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी. घन पदार्थ गिळायला त्रास होतो का, पातळ गिळताना ठसका लागतो का, वजन कमी झालं का, असे साधे प्रश्न. पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टला तिच्याबद्दल विचारा.

ठसका लागला की पाणी द्यायचं ना?

नाही. हा एक प्रश्न वाचून बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

आपल्याकडं लहानपणापासूनची सवय आहे, कुणाला ठसका लागला की तांब्या पुढं करायचा आणि पाठ थोपटायची. पण ज्याची गिळायची वेळ चुकतेय त्याला पाणी हीच सगळ्यात अवघड वस्तू. पाणी पातळ, धावतं, त्याला चव नाही, त्यामुळं घशाला ते आलंय हे उशिरा कळतं आणि झाकण पडायच्या आत ते पार होतं. आधीच ठसका लागलेला, श्वास आत ओढला जातोय, आणि त्यात तुम्ही वरनं पाणी ओतताय, ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. मी स्वतः किती वेळा ताईला असं पाणी पाजलं असेल, मायेनं पाजलं, आणि ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मग करायचं काय? खोकता येतंय तोवर खोकू द्या. पुढं झुकवा. बोलायला लावू नका, "काय झालं, काय झालं" विचारू नका. खोकला थांबला की एकदा नुसतंच गिळायला सांगा, आवाज स्वच्छ येतोय का बघा, आणि मगच पुढचा घास. जेवण तिथंच थांबवलं तरी काही बिघडत नाही.

आमच्या पेशंटला ठसका लागतच नाही, म्हणजे सगळं ठीक ना?

ठसका लागणं हे संरक्षण आहे. घशाची संवेदनाच कमी झाली तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. अशा माणसाला बाहेरनं बघून काही कळत नाही, फक्त वरचेवर बारीक ताप, कफ, एक्स-रेमध्ये डाग, बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात. वर्षात दुसऱ्यांदा न्युमोनिया झाला असेल तर गिळण्याची तपासणी केल्याशिवाय थांबू नका.

सोलापुरात कुणाकडं जायचं?

आधी तुमचे न्यूरोलॉजिस्ट. मग स्पीच थेरपिस्ट. आपल्याकडं लोकांना वाटतं की स्पीच थेरपिस्ट म्हणजे न बोलणाऱ्या लहान मुलांचे, त्यामुळं मोठ्या माणसाला तिथं न्यायचं डोक्यातच येत नाही. बोलणं आणि गिळणं एकाच जीभ-घशाचं काम, म्हणून दोन्ही त्यांच्याच अभ्यासात येतं. फोन करतानाच स्पष्ट विचारा, "तुम्ही मोठ्या माणसांचं गिळण्याचं बघता का?" काही जण फक्त मुलांचं बघतात, तेवढा हेलपाटा वाचतो. आणि त्यांची आरसीआयकडं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का ते विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचीही गरज लागते. सिव्हिलला ईएनटी आणि मेडिसिन दोन्ही ओपीडी आहेत, सुरुवात तिथनं करता येते. आम्ही एका तपासणीसाठी पुण्याला गेलो, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलो आणि रात्री परत. प्रवासात ताईचं घट्ट केलेलं पाणी (ते कसं करायचं ते पुढं लिहिलंय) आणि मऊ भात घरनंच डब्यात नेला.

तपासणीत काय करतात?

आधी साधी, समोर बसवून. जीभ, ओठ, खोकल्याचा जोर बघतात, वेगवेगळ्या दाटपणाचं थोडं थोडं देऊन बघतात. ९० मिलिलीटर पाणी न थांबता प्यायला लावायची एक चाचणी असते, पण ती तपासणाऱ्यासमोरच करायची, घरी प्रयोग करू नका.

पुढच्या दोन. एक एफईईएस, तिला फीस म्हणतात, नाकातनं बारीक कॅमेरा घशापर्यंत घालून पेशंट खात असतानाच बघतात. दुसरी व्हिडिओफ्लुरोस्कोपी, बेरियम मिसळलेलं अन्न खायला देऊन एक्स-रेचा चालता व्हिडिओ काढतात. आम्हाला तो व्हिडिओ दाखवला. काळा घोट जिभेवरनं उतरला, एक बारीक रेघ फुटून पुढच्या नळीत, म्हणजे श्वासनलिकेत गेली, आणि ताई स्क्रीनकडं बघत शांत बसली होती, खोकलीसुद्धा नाही. त्याच बैठकीत हनुवटी खाली करून आणि पेय घट्ट करून परत बघितलं तर रेघ नाही. तपासणीचा खरा फायदा हा आहे, की तुमच्या माणसाला नेमकं काय चालतं ते डोळ्यानं कळतं.

याला गोळी आहे का? व्यायामानं बरं होतं का?

गिळणं पूर्ववत करणारी गोळी नाही. अचानक, एक-दोन दिवसात गिळणं बिघडलं आणि ते रिलॅप्स, म्हणजे एमएसचा नवा झटका ठरलं तर डॉक्टर मिथाइलप्रेडनिसोलोनची शिरेतली इंजेक्शनं देतात, बहुतेक वेळा रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, आणि त्यात सुधारणा होऊ शकते. हळूहळू वाढलेल्या त्रासात मुख्य भर बसण्याची पद्धत, अन्नाचा दाटपणा आणि व्यायामावर.

व्यायाम बरेच आहेत. जोर लावून गिळणं. गिळताना कंठमणी वर गेला की तो दोन-तीन सेकंद वरच धरून ठेवणं, याला मेंडेलसन म्हणतात. उताणं झोपून फक्त डोकं उचलून पायाच्या बोटांकडं बघणं, हा शेकर, मानेचं दुखणं असेल तर करायचा नाही. श्वास रोखून गिळायचं आणि लगेच खोकायचं, असाही एक प्रकार आहे. फुंकर मारायचं एक छोटं उपकरण येतं, त्यानं श्वास सोडायचे स्नायू आणि खोकला दमदार होतो. कुणाला कुठला, हे थेरपिस्टच ठरवणार. विजेच्या सौम्य झटक्यांची थेरपीही काही ठिकाणी मिळते, आणि अन्ननलिकेचं तोंडच घट्ट झालेलं असेल तर बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, पण एमएसमधले याचे अभ्यास लहान आहेत, म्हणून कुणी "गॅरंटी"नं पॅकेज विकत असेल तर पैसे भरायच्या आधी न्यूरोलॉजिस्टला विचारा. एमएसमध्ये थकवा हा मोठा शत्रू, त्यामुळं व्यायाम जेवणाच्या तोंडावर करू नका, घशाची ताकद तिथंच संपते.

पाणी घट्ट करायचं म्हणजे कसं?

मेडिकलमध्ये थिकनर पावडर मिळते. दोन जाती आहेत, स्टार्चची आणि झँथन गमची. स्टार्चवाली स्वस्त असते पण लाळेनं फुटते, म्हणजे तोंडात धरलं की परत पातळ, आणि उष्टा चमचा ग्लासात गेला तर सगळा ग्लास पातळ होतो. झँथनची टिकते. आम्ही तीच वापरतो, महाग पडली तरी.

किती घट्ट, हे आयडीडीएसआय नावाच्या पद्धतीनं मोजतात, ० म्हणजे साधं पाणी आणि ७ म्हणजे नेहमीचं जेवण, पेयं ० ते ४ मध्ये येतात. घरी मोजायला १० मिलिलीटरची सिरिंज लागते, ० ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली, पट्टी लावून बघा कारण सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. सुई काढायची, दांडा काढायचा, खालचं तोंड बोटानं बंद करून १० च्या खुणेपर्यंत पेय भरायचं, मोबाइलवर १० सेकंद लावून बोट सोडायचं, वेळ झाली की परत बंद. आत १ ते ४ मिली उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं तर ३. सगळं तसंच राहिलं तर ते ४, चमच्यानं खायचं. आमच्या ओट्यावर ही सिरिंज चहाच्या गाळणीशेजारी टांगलेली असते. ताईला लेव्हल २ सांगितलंय, तुमच्या पेशंटचं वेगळं असणार.

घट्ट पाण्यानं तहान भागल्यासारखं वाटत नाही, चव बिघडते, आणि लोक पिणंच कमी करतात, हा त्याचा मोठा तोटा. काही पेशंटना तोंड नीट घासून, जेवणाच्या मधल्या वेळेत साधं पाणी थोडं थोडं प्यायची परवानगी देतात. तुमच्या थेरपिस्टना हे जरूर विचारा, तेवढ्यानं माणूस खुलतो.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी बंद करायची का?

सोलापुरात हा प्रश्न सगळ्यात दुखरा. कडक भाकरीचे तुकडे टोकदार आणि कोरडे, शेंगा चटणी भुरभुरीत, तोंडात पसरते आणि तिखटानं घसा खवखवतो. दोन्ही एकत्र म्हणजे कोरडं, भुगा होणारं, एकत्र न येणारं, सगळे दोष एका ताटात. तशीच्या तशी देऊ नका.

पण चव सोडायची गरज नाही. ज्वारीची मऊ भाकरी गरम असतानाच कुस्करायची आणि घट्ट आमटीत, डाळीत किंवा सायीच्या दह्यात पूर्ण मुरू द्यायची, मग चमच्याच्या पाठीनं घोटायची. पातळ आमटीत भाकरीचे तुकडे तरंगतायत असा काला मात्र नको, कारण तोंडात एकदम दोन गोष्टी येतात, पाणी पुढं पळतं आणि तुकडा मागं राहतो. चुरमुऱ्याची भेळ, पातळ भाजीतले दाणे, दुधातला पोळीचा तुकडा हे त्याच कारणानं अवघड. शेंगा चटणी आम्ही मिक्सरला परत फिरवून दह्यात कालवतो, रंग गुलाबीसर होतो आणि वास तोच राहतो. ताईनं पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा डोळे मिटून घेतले होते.

मऊ आहे का हे कसं बघायचं? काटा-चमचा घासावर अंगठ्यानं दाबायचा, नख पांढरं पडेपर्यंत. घास चेपला आणि परत फुगला नाही तर मऊ. तुकड्यांचा आकार सांगितला असेल तर, बारीक ओलसर म्हणजे ४ मिलिमीटर, काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते, आणि मऊ तुकडे म्हणजे दीड सेंटिमीटरपर्यंत.

साबुदाणा खिचडी चिकटते, उपासाला ती नको. आइस्क्रीम आणि जेली दिसायला घट्ट पण तोंडात पाणी होतात. मऊ दहीभात, मुगाची घोटलेली खिचडी, ज्वारीची दाट आंबील, पिकलेलं केळं कुस्करून, श्रीखंड, हे आमच्याकडं नीट उतरतं.

बसवायचं कसं?

ताठ, खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले. पलंगावर लोडाला टेकवून अर्धवट झोपवून भरवू नका. भरवणाऱ्यानं समोर बसायचं, उभं राहून भरवलं की पेशंट मान वर करतो आणि श्वासनलिका उघडी पडते. छोटा चमचा, घास गिळला हे बघून पुढचा. टीव्ही बंद, फोन बंद, गप्पा नंतर. बऱ्याच जणांना गिळताना हनुवटी छातीकडं आणायला सांगतात, पण सगळ्यांना ती चालत नाही, तपासणीत ठरवून घ्या. जेवणानंतर अर्धा तास बसूनच.

तीन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा लहान बरी. जेवण अर्ध्या तासापुढं लांबलं की घसा दमतो आणि शेवटचे घास सगळ्यात धोक्याचे होतात, ते "ताटात टाकू नये" म्हणून संपवायला लावू नका.

गोळ्या कुटून दिल्या तर चालतात का?

काही चालतात, काही अजिबात नाही. एमएसमध्ये चालण्यासाठी देतात ती फॅम्प्रिडिन हळूहळू विरघळणारी गोळी असते, ती फोडली तर सगळं औषध एकदम अंगात जातं आणि फिट येऊ शकते. डायमिथाइल फ्युमरेट या एमएसच्याच औषधाची कॅप्सूल उघडायची नसते. प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा, पातळ औषध मिळतं का तेही विचारा. लघवीच्या घाईसाठीच्या काही गोळ्यांनी आणि ॲमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, अंगाचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेननं गुंगी येते, आणि दोन्हीनं गिळणं बिघडतं. गोळी वाढवल्यावर ठसके वाढले असतील तर तसं सांगा. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका, बॅक्लोफेन तर अचानक थांबवणं धोक्याचं.

उन्हाळ्यात त्रास वाढतो, खरं का?

खरं आहे. अंगाचं तापमान वाढलं की मायलिन गेलेल्या तंतूंमधनं निरोप आणखी अडखळतात. उहटॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा दुपारी दोनला ताईला जो दहीभात उतरत नाही तोच सकाळी आठला सहज उतरतो. म्हणून उन्हाळ्यात तिचं मुख्य जेवण सकाळी, आणि त्याआधी मानेवर ओला पंचा, कूलरसमोर पंधरा मिनिटं. अंग थंड झाल्यावर त्रास ओसरला तर तो रिलॅप्स नव्हे. तापानं किंवा लघवीच्या इन्फेक्शननंही असंच होतं.

पाण्याचा हिशोब मात्र लिहून ठेवा. एमएसची माणसं लघवीच्या भीतीनं आधीच कमी पितात, त्यात घट्ट पाणी, त्यात सोलापूरचं ऊन. लघवी गडद पिवळी झाली तर वाट बघू नका.

दात घासण्याचा यात काय संबंध?

फार आहे. लाळ तर दिवसभर गिळली जातेच, आणि ती चुकून फुप्फुसात गेली तर तोंडातले जंतू सोबत जातात. तोंड स्वच्छ असेल तर न्युमोनियाचा धोका कमी होतो. सकाळी, रात्री, आणि प्रत्येक जेवणानंतर गालातनं बोट फिरवून राहिलेलं काढायचं. नाकातल्या किंवा पोटातल्या नळीनं जेवण चालू असलं तरीही.

लग्नात, गड्ड्याच्या यात्रेत नेलं की लोक आग्रह करतात, काय करायचं?

आम्ही घरनं खाऊन जातो, आणि कुणी "एक घास तरी घ्या की ओ" म्हणालं तर ताईच्या वतीनं मी बोलते, "डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय." लांबलचक समजावत बसत नाही. पण तिला घरीच ठेवून जायचं, हे आम्ही करत नाही.

डॉक्टर पोटात नळी घालू म्हणतायत, म्हणजे आता शेवट का?

नाही. नाकातली नळी थोड्या आठवड्यांपुरती असते. जास्त दिवस लागणार असतील तर पेग, दुर्बिणीनं पोटाच्या भिंतीतनं सरळ जठरात घातलेली नळी, कपड्याखाली दिसत नाही. वजन उतरत चाललं, पाणी पुरत नाही, न्युमोनिया थांबत नाही, जेवण म्हणजे रोजची लढाई झाली, तेव्हा हा विचार होतो. बऱ्याच जणांना नळी असूनही चवीपुरतं तोंडानं खाता येतं. लाळेमुळं होणारा न्युमोनिया नळीनं पूर्ण थांबत नाही हेही खरं, तेवढं आधीच विचारून घ्या. आणि निर्णय पेशंट शुद्धीत, बोलता असताना त्याच्याशी बोलून घ्या, आयसीयूच्या दारात घाईनं नको. आमच्याकडं ताईनं तिला काय चालेल आणि काय नको ते स्वतः सांगून ठेवलंय.

घास अडकला आणि आवाजच फुटेना तर?

खोकता येत नाही, बोलता येत नाही, ओठ निळे पडतायत, तर थांबायचं नाही. पुढं झुकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ जोरात थापा. नाही निघालं तर मागनं मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर ५ झटके. आलटून पालटून. व्हीलचेअर असेल तर आधी ब्रेक लावा. दुसऱ्यानं १०८ लावायचा. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, घास आणखी आत जातो. घरातल्या दोघांनी तरी हे आधी शिकून ठेवा, आमच्या पुतण्यालाही शिकवलंय.

कुठली मदत मिळते?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, त्यामुळं यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, पुण्यातही त्यांची शाखा आहे.

आमचा पेशंट आता जेवायलाच नको म्हणतो, काय करू?

बहुतेक वेळा भूक नसते असं नाही, भीती असते. प्रत्येक घासाला सगळं घर तोंडाकडं टक लावून बघतंय, ठसका लागला की सगळे उठतायत, मग माणूस म्हणतो नकोच ते. ताईनं तीन आठवडे असं केलं होतं. आम्ही एवढंच केलं, तिच्यासारखंच मऊ ताट आमच्यातल्या एकानं घ्यायचं ठरवलं, आळीपाळीनं, आणि तिच्याकडं न बघता शेजारी बसून जेवायला लागलो. मन फारच खचलं असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगा, एमएसमध्ये नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यावर उपचार होतात. काल रात्री माझी पाळी होती. घोटलेली खिचडी, वर साजूक तूप, बाजूला दह्यातली शेंगा चटणी, ताईनं दोनदा मागून घेतली.